हॉल एकच, भिंती चार

"नमस्कार ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. तिसरा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा. वन बीएचके, कार्पेट ३८० चौरस फूट. घरात आम्ही दोघं, यंदा दहावीला असलेला मुलगा आणि सासूबाई. दार उघडून आत आलं की समोर पश्चिमेची खिडकी, हॉलला तेवढी एकच. उन्हाळ्यात तिच्यात कूलर बसतो आणि बाहेरून हिरवी नेट लावतो. उजव्या हाताची भिंत कोरी, तिला लागून सासूबाईंचा दिवाण. डाव्या हाताला स्वयंपाकघराचं आणि बेडरूमचं दार, मधे टीव्ही. मुलाचं टेबल खिडकीला लागून. पाच वर्षांपूर्वी मोठं दिसेल म्हणून सगळं घर क्रीम केलं, पण दिवसाही कोंदट वाटतं. आता दिवाळीच्या आधी रंग द्यायचा आहे, बजेट २५ हजार. पेंटर म्हणतो, खिडकीची भिंत गडद जांभळी करून टेक्स्चर मारा. मी मोबाईलवर वाचलं की पिवळ्याने अभ्यासात लक्ष लागतं आणि लव्हेंडरने मन शांत राहतं. मुलाला निळा पाहिजे. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. त्या म्हणतात, काहीही करा, पण करडा नको, सुतकी दिसते. एका हॉलमध्ये कोणाकोणाचं ऐकू?

ता. क. सासूबाईंची माहेरची सागवानी पेटी आहे. तिला पांढरा रंग मारला तर हॉल मोठा दिसेल का?"

— एक वाचक, मानेवाडा

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी कागद घेऊन हॉलचा नकाशा काढला, त्यात दिवाण, टेबल, टीव्ही मांडले आणि कोण कुठं बसून कुणीकडे पाहतं त्याचे बाण काढले. तुम्हीही काढून पाहा. मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा त्याच्यापुढं एक भिंत असते. सासूबाई दिवाणावर टेकून बसतात तेव्हा त्यांच्यापुढं दुसरी. पाहुणा दारातून आत येतो तेव्हा तिसरी. हॉल एक असला तरी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढची भिंत वेगळी आहे, त्यामुळं तुम्हाला सगळ्यांचंच ऐकता येईल. तीन-चार खोल्यांच्या घरात खोलीवार रंग ठरवून भागतं. जिथं अभ्यास, जेवण, झोप आणि पाहुणचार एकाच खोलीत चालतो, तिथं तो भिंतीवार ठरवावा लागतो.

पण रंगाचा डबा उघडण्याआधी खिडकीबद्दल बोलू. तुमचं क्रीम घर कोंदट दिसण्याचं बरंचसं कारण तिथं आहे.

आपल्याकडे मार्च लागला की कूलरची खस बदलायची, टाकी धुवायची आणि खिडकीवर हिरवी नेट ताणायची, हे ठरलेलंच. नेट उन्हाचा मार अडवते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिच्यातून गाळून आत येणारा उजेड हिरवट असतो, आणि क्रीम म्हणजे मुळात पिवळट पांढरा. पिवळ्यावर हिरवा उजेड पडला की भिंत शेवाळलेल्या खाकीकडे झुकते. दुपारी चारच्या सुमारास वहीचं कोरं पान भिंतीला लावून धरा आणि त्याच्याकडे नीट पाहा. मग कुणाला तरी नेटची एका बाजूची दोरी सोडायला सांगा. पानाचा रंग तुमच्या डोळ्यांदेखत बदलेल. नंदनवनच्या एका घरात हे करून दाखवलं तेव्हा घरच्या बाई आधी पानाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या. हाताचा रंगही बदलला होता. घरात सगळे थकलेले दिसतात असं त्यांना दोन उन्हाळ्यांपासून वाटत होतं.

शेड नेट पांढऱ्या रंगातही मिळते. शेतीच्या सामानाच्या दुकानात ५० टक्के, ७५ टक्के अशी सावलीच्या प्रमाणात ती मागता येते. पांढरी नेट उजेड कमी करते, पण त्यात रंग कालवत नाही. तेवढा बदल आधी करा. आणि पावसाळा लागला की कूलर खिडकीतून काढाच. आपल्याकडे कितीतरी घरांत तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढच्या मार्चपर्यंत तिथंच उभा असतो. एकुलत्या एका खिडकीचा अर्धा भाग वर्षातले आठ महिने विनाकारण बंद राहतो, आणि मग आपण भिंतीला दोष देतो.

तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आहात, म्हणून आणखी एक गोष्ट. निळा किंवा हिरवा लावला की खोली थंड होते, असं तुम्हाला दुकानात सांगतील. आतल्या भिंतीच्या रंगानं तापमान उतरत नाही. ऊन जिथं पडतं तिथला रंग मात्र खरोखर काम करतो. आपल्या शहराचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या उन्हात सिमेंटचा करडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता तुमच्या हॉलमध्ये सोडत बसतो. स्लॅब पांढरा असेल तर बरंचसं ऊन आल्यापावली परत जातं. अहमदाबादेत २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा आला आणि पुढं तिथल्या वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते याच कारणानं. सोसायटीला विचारून गच्चीचा तुमच्या डोक्यावरचा भाग पांढरा करून घ्या, चुन्याचा करा किंवा छतासाठी मिळणाऱ्या परावर्तक रंगाचा. घर थंड ठेवण्यासाठी रंगावर खर्च करायचा तर तो गच्चीत करा.

आता मोबाईलवर वाचलेलं. पिवळ्याने एकाग्रता, लव्हेंडरने शांती, लालने भूक, अशा याद्या फार फिरतात. त्या वाचून घराचा निर्णय घेऊ नका. एक उदाहरण सांगते. अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात १९७९ मध्ये कोठड्यांना एक विशिष्ट गुलाबी रंग दिला. त्यानं कैदी शांत होतात असा गवगवा झाला आणि इतर ठिकाणीही तुरुंग गुलाबी झाले. पुढं स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात याची नीट तुलना करून चाचणी झाली, तेव्हा तसा काही परिणाम दिसला नाही. याच्या उलट ऑपरेशन थिएटरचा हिरवा. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जननं शुभ्र पांढऱ्या थिएटरला पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला. कारण साधं होतं: दिव्याखालचा झगझगीत पांढरा डोळ्यांना खुपत होता, आणि तांबड्या रक्ताकडे तासन् तास पाहून मान वर केली की पांढऱ्यावर हिरवे ठिपके तरंगत होते. हिरव्यावर ते दिसेनात. शंभर वर्षं झाली, सर्जनचे कपडे आणि थिएटरमधल्या चादरी आजही हिरव्या-निळ्या असतात. 'मन शांत होईल' यापेक्षा 'डोळ्याला काय सोपं पडेल' हा प्रश्न मला जास्त भरवशाचा वाटतो. डोळा दमला नाही तर मनही फार कुरकुर करत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

त्याच प्रश्नानं तुमच्या भिंती पाहू.

मुलाचं टेबल आधी हलवा. खिडकीकडे तोंड करून बसलं की शाळेतून आल्यावर, नेमक्या अभ्यासाच्या वेळी, पश्चिमेचं ऊन डोळ्यांत येतं. उजेडानं डोळ्याची बाहुली आकसते आणि समोरचं पुस्तक अंधारं वाटायला लागतं. टेबल उजव्या हाताच्या कोऱ्या भिंतीला, म्हणजे उत्तरेच्या भिंतीला, खिडकीच्या बाजूला लावा. उजेड डावीकडून येईल आणि उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या हाताची सावली वहीवर पडणार नाही. तीन फुटांचं टेबल, त्यापुढं सहा फुटांचा दिवाण. बारा फुटांच्या भिंतीवर दोन्ही बसतात आणि अडीच-तीन फूट उरतात. त्या उरलेल्या जागेकडे मी शेवटी येते.

म्हणजे आता एकाच भिंतीला दोघं आहेत. मुलगा तिच्याकडे तोंड करून बसणार, सासूबाई तिला पाठ टेकून. या भिंतीचं काम सगळ्यात अवघड आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

तुमच्या दिवाणामागं आज काय दिसतं ते मी न पाहता सांगू शकते. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, बशीएवढा, कडा विरलेला, पिवळसर तपकिरी तेलाचा डाग. त्याच्या खाली पाठीचा घासलेला पट्टा, आणि बाजूला भिंतीला हात टेकून उठताना उमटलेले बोटांचे ठसे. कुणाच्याही घरी असतो तो. डोक्याला तेल लावणारी, भिंतीला टेकून बसणारी माणसं आपण, आणि भिंतीनं ते सोसलं पाहिजे. आपल्या विदर्भातल्या जुन्या मातीच्या घरांत याची सोय होती. वर पांढऱ्या मातीचा पोतारा, खाली गेरूचा पट्टा. पावसाचे शिंतोडे, पोरांचे पाय, टेकलेल्या पाठी, सगळं तो गेरू पोटात घ्यायचा. पुढं शाळांत, दवाखान्यांत, एसटी स्टँडवर तोच पट्टा ऑइल पेंटचा झाला. फ्लॅट आले आणि भिंत वरपासून खालपर्यंत एका रंगाची करायची पद्धत पडली. माझ्या मते आपण एक शहाणी गोष्ट सोडून दिली.

तुम्ही तो पट्टा परत आणा. या एका भिंतीवर, जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत. रंग हिरवा, पण पोपटी नाही की पिस्ता नाही. कडुनिंबाचं पान सावलीत वाळल्यावर जसं होतं, तसा थोडा राखाडी मिसळलेला हिरवा. मुलगा खुर्चीवर बसला की त्याची नजर चार फुटांच्या आसपास असते, म्हणजे पुस्तकातून मान वर केल्यावर डोळ्यांपुढं हाच रंग येईल. पांढऱ्या पानापेक्षा थोडा गडद, डोळ्याला विसावा देणारा, आणि दिव्याचा झगझगाट परत न फेकणारा. पट्ट्याच्या वर भिंत पांढरीच राहील, त्यामुळं वरचा उजेड कमी होणार नाही. दुकानात 'धुता येणारं मॅट इमल्शन' असं स्पष्ट सांगा. साधं डिस्टेंपर ओल्या फडक्यानं पुसलं की हातात येतं, आणि चकाकणाऱ्या रंगावर रात्री टेबल लॅम्पचा कवडसा मुलाच्या डोळ्यांवर पडतो. चोपन्न चौरस फुटांचंच काम आहे. एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण सव्वाशे चौरस फूट जातं, तेव्हा अर्धा लिटर पुरेल. पट्ट्याची वरची कड मात्र पेंटरला दोरी ताणून, टेप लावून सरळ घ्यायला सांगा. ती वाकडी गेली तर रोज दिसेल.

शेड कार्डावर किंवा कंपनीच्या माहितीत प्रत्येक रंगासमोर एलआरव्ही नावाचा आकडा सापडतो. पडलेल्या शंभर भाग उजेडापैकी किती परत येतो, तो हा आकडा. काळा शून्याकडे, शुभ्र शंभराकडे. या पट्ट्यासाठी पन्नासच्या आसपासचा घ्या. बाकीच्या भिंतींना पंचाहत्तरच्या वरचा, छताला त्याहून वर. गडद जांभळ्याचा आकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे खिडकीतून मोठ्या मुश्किलीनं आलेल्या उजेडातला बहुतेक तो गिळणार. आणि तुमचा पेंटर तो लावणार खिडकीच्याच भिंतीला. ती भिंत गडद झाली की खिडकी अंधारातल्या भोकासारखी झळाळते आणि संपूर्ण हॉल आणखी काळवंडतो. खिडकी ज्या भिंतीत आहे ती घरातली सगळ्यात उजळ भिंत पाहिजे. टेक्स्चरही नको. त्याच्या खाचांत आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ बसली की ती निघत नाही.

आता सासूबाई. घरात दिवसाचे सगळ्यात जास्त तास त्या असतात, तेव्हा हॉलच्या रंगात त्यांचा शब्द मी सगळ्यात वजनदार धरते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो, आणि वयानुसार भिंग पिवळं होत जातं. त्यात एकाच डोळ्याचं ऑपरेशन होऊन त्याचं भिंग बदललं असेल तर दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात. माझ्या आईचं तसं झालं होतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात ती पलंगावर बसून एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो, आणि म्हणायची, "या डोळ्यानं चादर निळी दिसून राहिली, त्या डोळ्यानं मळकी." चादर धुतलेली, फिकट निळी होती. तेव्हापासून वयस्क माणूस 'हा रंग मळकट दिसतो' म्हणाला तर मी वाद घालत नाही. त्यांना तो तसा खरंच दिसत असतो. तुमच्या सासूबाईंना करडा सुतकी वाटतो, यात त्यांच्या आठवणी असतील आणि डोळ्याचं पिवळं भिंगही असेल. लव्हेंडर, फिकट निळा, मोतिया करडा हे रंग त्यांच्या ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला खरोखरच राखेसारखे दिसू शकतात.

त्या टेकून बसल्या की समोर टीव्हीची, म्हणजे दक्षिणेची भिंत येते. ती ताकाच्या रंगाची करा. पांढरी, पण त्यात किंचित ऊब असलेली. आजचा क्रीम यापेक्षा बराच पिवळा आहे. आणि त्याच भिंतीतली दोन दारं वेगवेगळी वागवा. बेडरूमचं दार आणि चौकट भिंतीच्याच रंगाची करा, म्हणजे ते भिंतीत विरघळेल. छोट्या खोलीत नजर जितक्या ठिकाणी अडते तितकी खोली लहान वाटते, रंग फिका आहे की गडद याहीपेक्षा हे महत्त्वाचं. पण रात्री पाण्यासाठी, बाथरूमसाठी सासूबाई ज्या दारांतून जातात, त्यांच्या चौकटी गडद तपकिरी ठेवा. बाथरूमच्या उंबऱ्याची कडही. अंधुक उजेडात त्यांना दार कुठं संपतं, उंबरा कुठं सुरू होतो हे कळलं पाहिजे. तिथं एक आडवी रेघ जास्त दिसली तरी चालेल.

दाराची, पूर्वेची भिंत खिडकीच्या बरोबर समोर येते. संध्याकाळचं केशरी ऊन थेट तिच्यावर पडतं आणि तिथून सगळ्या हॉलमध्ये पसरतं. आजचा क्रीम त्या वेळी हळदीसारखा होत असेल. पिवळेपणा नसलेला पांढरा तिला पुरे, संध्याकाळचा रंग सूर्य फुकट देतो. कधी सवड काढून दीक्षाभूमीचा घुमट एकाच दिवशी तीनदा पाहा. सकाळी तो निवळ पांढरा असतो, मे महिन्याच्या दुपारी त्याच्याकडे पाहवत नाही, आणि मावळतीला तोच दुधात केशर पडल्यासारखा होतो. तुमच्या भिंतीचंही असंच होत असतं, फक्त आपण तिच्याकडे पाहत नाही.

मुलाला निळा हवा आहे, तो त्याला द्या. टेबलावरच्या पुस्तकांच्या फळीची मागची बाजू त्याच्या आवडीच्या निळ्यानं रंगवू द्या, ब्रश त्याच्याच हातात देऊन. दोन चौरस फूट गडद निळा हॉलचं काही बिघडवत नाही आणि ती जागा त्याची होते. दहावीच्या वर्षात घरात स्वतःचा कोपरा असणं ही लहान गोष्ट नाही.

नागपुरात राहून संत्र्याचा रंग घरात नको असं मी कोणाला म्हणणार नाही, पण तो भिंतीला लावू नका. पश्चिमेच्या खिडकीच्या हॉलमध्ये केशरी भिंत मे महिन्यात सहन होत नाही. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली येतो तेव्हा दिवाणावर केशरी, विटकरी चादरी घाला, आणि होळी झाली की पांढऱ्या-हिरव्या सुती. उशांच्या खोळी, पडदे, चादर एवढ्यावर घराचा ऋतू बदलतो.

रंगाइतकंच महत्त्व दिव्यांना आहे, आणि ते फार स्वस्तात होतं. तुमच्या हॉलमध्ये बहुतेक एकच पांढरी ट्यूब असेल, ६५०० केल्विनची. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तर उजेड निळसर, लहान तर पिवळसर. अभ्यासाला, भाजी निवडायला ती ठीक. पण रात्री नऊनंतर तोच निळसर पांढरा उजेड झोप लांबवतो, आणि त्यात ताकाची भिंतही निर्जीव दिसते. दिवाणाच्या बाजूला वेगळ्या बटणावर २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा एलईडी लावा, डोळ्यांवर न पडता भिंतीवर पडेल असा. मुलाला टेबल लॅम्प. रात्री ट्यूब बंद, लॅम्प मुलाच्या वहीवर, पिवळा दिवा सासूबाईंच्या बाजूला. रंग तेच राहतील, पण त्याच हॉलच्या दोन खोल्या होतील. लव्हेंडरबद्दल माझं आणखी एक कारण इथंच येतं. पिवळ्या दिव्यात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळं त्याखाली लव्हेंडर मळकट करडा दिसतो. दिवसा आवडलेली भिंत रात्री अनोळखी वाटते.

शेड कार्डावरच्या तुकड्यावरून शेवटचा निर्णय घेऊ नका. सक्करदऱ्याचे एक जुने पेंटर मला नेहमी सांगायचे, "कार्डावरचा रंग भिंतीवर दोन पाणी जास्त चढते, मॅडम." ते अगदी खरं आहे. लहान खोलीत भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि प्रत्येक रंग कार्डापेक्षा गडद, भडक होतो. आवडला त्याहून एक पायरी फिका आणि थोडा राखाडीकडचा निवडा. छोटा डबा आणा, दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, आणि तो पुठ्ठा जिथं लावायचा त्याच भिंतीला उभा करून सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री दिव्यात पाहा. सासूबाईंना दाखवा, दोन्ही डोळ्यांनी.

बाकीच्या घराचं थोडक्यात. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर माळा असेल तर त्याची सावली काळ्या ग्रॅनाइटवर पडते, तिथं माळ्याखाली पांढऱ्या एलईडीची पट्टी लावा. भिंत पांढरी-उबदार आणि धुता येणारी ठेवा. बेडरूममध्ये पलंगामागची एक भिंत फिकट विटकरी चालेल, बाकी पांढऱ्या. लोखंडी कपाट जर तपकिरी किंवा हिरवं असेल तर ते भिंतीच्या पांढऱ्यात स्प्रे करून घ्या. खोली एकदम मोकळी दिसायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

कामाची वेळ दिवाळीआधीची बरोबर निवडलीत. मे महिन्यात रंग ब्रशखालीच वाळतो आणि पट्टे दिसतात, पावसाळ्यात भिंतीत ओल असते. फक्त वरचा मजला आहे, म्हणून पाऊस थांबला तरी एक तपासणी करा. संशय येईल तिथं फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, आणि आधी गळती शोधायला हवी. ओलीवर मारलेली पुट्टी आणि रंग सहा महिन्यांत पापुद्रे धरतो. तुमच्या २५ हजारांतून पहिला खर्च गच्चीवर, दुसरा नेट आणि दिव्यांवर, मग भिंतींवर करा. पैसे कमी पडले तर बेडरूम पुढच्या वर्षी.

राहिली पेटी. तिला पांढरा रंग मारू नका, हात जोडून सांगते. पॅरिसच्या एका गालिचांच्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागा तपासला तर तो चांगला होता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका पाडत होते. यावर त्यांनी १८३९ मध्ये सगळा अभ्यास छापला: रंग शेजाऱ्यामुळं बदलतो. तुमच्या हिरव्या पट्ट्यात राखाडी अंश आहे. एकटा ठेवला तर सासूबाईंना तो करडा वाटण्याची भीती आहेच. पण त्याला लागून तांबूस सागवान आलं की तोच पट्टा हिरवा दिसायला लागतो. उत्तरेच्या भिंतीवर जे अडीच-तीन फूट उरले आहेत, तिथं दिवाणाच्या उशाशी ती पेटी ठेवा. तेल-पाणी करून घ्या, पितळी कड्या चिंचेनं घासा. वर त्यांचा चष्मा, डोळ्यांचे थेंब आणि पाण्याचा तांब्या राहील.